पडद्यावरील पशुपक्ष्यांची कुळकथा

शाळेची पायरी अद्याप न चढलेल्या बालकाला दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून पशुपक्ष्यांची ओळख करून देण्याची जी प्रथा आज घरोघर रूढ झाली आहे, तिचे मूळ शोधताना मुंबई दूरदर्शन केंद्राच्या २ ऑक्टोबर १९७२ या जन्मतिथीपाशी थांबून भागत नाही; आम्हां करवीरकरांना तर ते आपल्याच गावच्या चित्रकारांच्या कारखान्यात शोधावे लागते. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा येथेच घडविला. दामले-फत्तेलालांनी शांताराम, धायबर व कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली 'प्रभात' येथेच स्थापन केली. आणि देशातील पहिला बालचित्रपट म्हणून ज्याचा दाखला देतात, तो १९३० चा 'राणीसाहेबा' याच 'प्रभात'चा. १९३३ साली 'प्रभात'ने पुण्यास स्थलांतर केले, आणि तेथे तिने 'जंबूकाका' हा कार्टूनपट काढला. चित्रकाराच्या कुंचल्यातून चालू लागलेला कोल्हा मराठी मंडळींच्या हातून पडद्यावर आला तो असा.

पण चित्रातले जनावर हलते करणे निराळे, आणि त्याला त्याची स्वतःची चाल देणे निराळे. ही दुसरी विद्या आपल्याकडे रीतसर आली ती १९५६ साली, जेव्हा मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला आणि तेथील तरुण चित्रकारांना शिकविण्यासाठी डिस्ने कंपनीतील क्लेअर वीक्स यांना पाचारण करण्यात आले. वीक्स हे 'बाम्बी'वर काम केलेले कलावंत. त्या चित्रपटासाठी हरणाची जिवंत पाडसे चित्रशाळेत आणून, ती कशी उठतात, कशी अडखळतात, कान कसे टवकारतात, याचे रेखाटन चित्रकारांनी दीर्घकाळ केले होते. अशा परंपरेतल्या गुरूच्या हाताखाली १९५७ साली जो पहिला पट सिद्ध झाला, तोही मृगाचाच होता: गाभण हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची जातककथा. करुणेची ती कथा आणि निरीक्षणाची ती शिस्त यांचा संयोग मला फार मोलाचा वाटतो.

त्यानंतरचा टप्पा सर्वपरिचित आहे. विजया मुळे यांचा, भीमसेन यांनी चित्ररूपास आणलेला १९७४ चा 'एक अनेक और एकता' दूरदर्शनने इतक्या वेळा दाखविला की एका पिढीला तो तोंडपाठ झाला. जाळ्यासकट उडणारे पक्षी आणि जाळे कुरतडणारे उंदीर हे पंचतंत्रातील चित्रग्रीव कपोताचे आणि हिरण्यक मूषकाचेच वंशज. मुळे यांच्या या कृतीविषयी मला नितांत आदर आहे. तरीही तिच्यातून मुलाला एकी समजते, पक्षी समजत नाही, हे नमूद केलेच पाहिजे. नीतिकथेत प्राणी हा माणसाचा वकील असतो. त्याचे अन्न, त्याचे बीळ, त्याची भीती यांची चौकशी तेथे होत नाही, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाचे कुतूहल तर नेमके त्या चौकशीचेच असते.

ही उणीव सरकारी तरतुदीतही राहिली. इन्सॅट उपग्रहाच्या आधाराने शैक्षणिक कार्यक्रम निर्माण करण्यासाठी १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. तिने मराठीतून पुष्कळ काम केले, परंतु तिची मुख्य सनद प्राथमिक शाळेतील मुलांसाठी होती, बालवाडीच्या मुलासाठी नव्हे. आणि २०१७ साली तीही संस्था बंद करण्यात आली. त्यापूर्वी, २००६ मध्ये, अमेरिकेतील 'सेसमी स्ट्रीट'चा हिंदी अवतार 'गली गली सिम सिम' आला व लहानग्यांना आवडलाही.

माझी अपेक्षा मात्र अधिक जवळची आहे. राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य कोल्हापूरपासून फार दूर नाही. तेथील काळाभोर, गुडघ्यापासून खाली पांढुरक्या पायांचा गवा कळपाने कसा चरतो, वासराला मध्ये कसा घेतो, हे कोणीही बोधवाक्य न उच्चारता, संथ मराठी निवेदनासह, दहा मिनिटे दाखविणारा पट बालवाडीच्या मुलांसाठी निघाला पाहिजे, आणि कॅमेरा घडविणाऱ्या या गावाने तो काढण्याची तजवीज स्वतः केली पाहिजे.