जुन्या संगणकाचा वेग कमी का दिसतो?

माळ्यावरचा जुना संगणक खाली काढून सुरू केला, की पडद्यावर पहिल्या काही क्षणांतच प्रोसेसरचे नाव आणि वेग उमटतो. 'एएमडी'च्या एथलॉन एक्सपी १८००+ या प्रोसेसरसमोर कधी कधी ११५० मेगाहर्ट्झ असा आकडा दिसतो आणि विकणाऱ्याने फसवले, असा समज होतो. तसे असेलच असे नाही.

मुळात नावातील १८०० हा वेग नव्हेच. २००१ मध्ये पेंटियम ४ चे मेगाहर्ट्झ फुगलेले दिसत असल्याने एएमडीने कामगिरीची तुलना सुचवणारा क्रमांक नावाला जोडला. या प्रोसेसरचा खरा वेग १५३३ मेगाहर्ट्झ. सायरिक्सने ही युक्ती आधीच केली होती. तिचा ६एक्स८६ पीआर२००+ प्रत्यक्षात १५० मेगाहर्ट्झवर चाले. तेव्हा १५३३ दिसत असेल, तर काहीही बिघडलेले नाही.

११५० ची गोष्ट मात्र वेगळी. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डवरील फ्रंट साइड बसचा वेग गुणिले प्रोसेसरचा गुणक. येथे गुणक ११.५ आहे. बस १३३ मेगाहर्ट्झची असेल तर १५३३ आणि १०० ची असेल तर नेमके ११५०. म्हणजे आकडा खोटा नाही. संगणक खरोखरच पाऊण वेगाने चालत आहे.

याचे नेहमीचे कारण अगदी क्षुल्लक असते. मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली, की बायोसमधील नोंदी पुसल्या जातात आणि अनेक मदरबोर्ड बस सुरक्षित म्हणून १०० वर आणतात. वीजजोडणी काढून ३ व्होल्टची नवी बॅटरी बसवावी व बायोसमध्ये बस १३३ करावी. काही मदरबोर्डवर हे काम जंपरने होते.

त्याआधी चिपसेटचे नाव मात्र जरूर वाचावे. व्हियाचा केटी१३३ए हा १३३ ची बस पेलतो. केटी१३३ पेलत नाही. फरक एका अक्षराचा! केटी१३३ वर बळेच बस वाढवल्यास पीसीआय बसही ३३ ऐवजी ४४ मेगाहर्ट्झकडे जाते आणि हार्ड डिस्कवरील फायली खराब होऊ शकतात. जुन्या फोटोंसाठी यंत्र सुरू केले असेल, तर ११५० वरच समाधान मानणे शहाणपणाचे. निदान फायलींची प्रत आधी काढावी.

आकडाच चुकण्याचे प्रकारही आहेत. पेंटियम एमएमएक्स २३३ हा दीडपटीच्या जंपरचा अर्थ साडेतीनपट असा घेतो. त्यामुळे एखादे जुने बायोस १०० दाखवते, वेग मात्र २३३ असतो. अशा वेळी विंडोज सुरू करून सीपीयू-झेडसारख्या प्रोग्रॅमने प्रत्यक्ष वेग मोजावा. ४८६ च्या काळातील कॅबिनेटवर झळकणाऱ्या लाल-हिरव्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नये. ते मागच्या जंपरवर ठरतात. प्रोसेसर काढून ठेवला तरी उजळतील.