सुई आणि सूर्य

रानावनांत वाट काढण्यासाठीं कोणतें होकायंत्र घ्यावें, असें सह्याद्रींत भटकणारे तरुण आम्हांस अधूनमधून विचारीत असतात. बाजारांत त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. कोणाची डबी द्रवानें भरलेली, कोणाची नकाशावर ठेवण्याजोग्या पारदर्शक पट्टीवर बसविलेली, तर कोणास बारीक अंश वाचण्यासाठीं लोलक जोडलेला. गिऱ्हाईक बहुधा एवढेंच पाहतें कीं सुई किती चटकन् स्थिर होते. ती कोठें स्थिर होते याची चौकशी क्वचितच होते. आपल्या डोंगरांच्या काळ्या पाषाणांत चुंबकीय खनिजाचे कण असतात, आणि पूर्वीं केव्हां तरी वीज पडलेल्या कड्यावर होका टेकवला तर सुई खुशाल भलतीच दिशा उत्तर म्हणून दाखविते. अशा वेळीं साक्ष कोणाची मानावी? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील एका मोजणीदारास पडला होता. त्यानें त्याचें जें उत्तर काढलें त्याची हकीकत आमच्या वाचकांस फारशी परिचित नसावी, म्हणून ती येथें देत आहों.

अमेरिकेच्या नव्या सरकारानें १७८५ मध्यें कायदा करून पश्चिमेकडील अरण्यभूमि आधीं मोजावी व मग विकावी असें ठरविलें. सहा मैल लांब व सहा मैल रुंद असा एक चौकोन, आणि त्याचे एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे; नवा माणूस वसावयास येण्यापूर्वींच नकाशावर हद्दी पडत. या चौकोनांच्या बाजू खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेस धरून आखाव्या असा दंडक होता, आणि मोजणीदाराच्या हातीं साधन काय, तर ६६ फुटांची साखळी आणि होका. रेषा एका अंशानें चुकली तर सहा मैलांच्या अंतीं ती साडेपांचशें फूट बाजूला जाते. आमच्याकडे वीतभर बांधासाठीं पिढ्यान्‌पिढ्या दिवाणी दावे चालतात; तेव्हां या साडेपांचशें फुटांचें मोल निराळें सांगावयास नको.

विल्यम ऑस्टिन बर्ट हा १७९२ मध्यें मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मला. शाळेचें शिक्षण बेताचें, पण हात मोठा कसबी. गिरण्या उभारणें हा त्याचा एके काळचा धंदा, आणि अक्षरें उमटविण्याच्या एका यंत्राचें पेटंट त्यानें १८२९ मध्येंच मिळविलें होतें. १८३३ मध्यें तो सरकारी मोजणीदार झाला व मिशिगन-विस्कॉन्सिनच्या अरण्यांत शिरला. तेथें भूमीच्या पोटांत लोखंड असल्यामुळें सुई पावलोपावलीं डगमगे. सकाळीं आखलेली रेषा दुपारीं ताडून पाहतां जुळत नसे. दुसरा एखादा हवालदिल झाला असता, किंवा आंकडे दडपून मोकळा झाला असता. बर्टनें सुईचा नाद सोडून आकाशाकडे पाहिलें.

सूर्यावरून दिशा काढण्याची युक्ति आपल्याकडे फार जुनी आहे. शंकु रोवून त्याभोंवतीं वर्तुळ काढावें; सकाळीं व दुपारनंतर छायेचें टोंक जेथें जेथें वर्तुळास शिवेल ते दोन बिंदु जोडले कीं पूर्व-पश्चिम रेषा मिळते, असें कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत सांगितलें आहे. परंतु त्यास अर्धा दिवस एके जागीं बसावें लागतें, आणि मोजणीदारास तर पदोपदीं पुढें सरकावयाचें. बर्टच्या सौरयंत्रावर तीन मापपट्टया होत्या: एक स्थळाच्या अक्षांशाची, दुसरी त्या दिवसाच्या सूर्याच्या क्रांतीची, तिसरी वेळेची. त्या लावून यंत्र फिरवीत न्यावें. भिंगांतून येणारा सूर्यबिंबाचा ठिपका रुपेरी पट्टीवरील रेघांच्या मधोमध पडला कीं यंत्राची दृष्टिरेषा खऱ्या उत्तर-दक्षिणेंत आली असें समजावें. फिलाडेल्फियाच्या विल्यम यंग या कारागिरानें तें घडविलें, आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजीं त्याचें पेटंट झालें.

दोष यांतहि होते. ढग आले कीं यंत्र मुकें. दाट झाडींत ऊन शोधीत बसावें लागे. ऐन मध्यान्हाच्या सुमारास त्याचा निर्णय भरंवशाचा नसे. म्हणूनच बर्टनें त्यांत चुंबकाची सुईहि राहूं दिली होती. ती ठेवली नसती तर पुढची गोष्ट घडतीच ना.

१९ सप्टेंबर १८४४ रोजीं सुपीरिअर सरोवराच्या दक्षिणेस, टील नांवाच्या एका लहान तळ्याजवळ, बर्टची टोळी रेषा आखीत होती. सुई चळूं लागली, आणि चळतां चळतां सूर्यानें दाखविलेल्या उत्तरेपासून ८७ अंश दूर गेली. म्हणजे उत्तर जवळजवळ पश्चिमेस! बर्टनें गड्यांना आसपास शोध घ्यावयास सांगितलें. जो तो हातांत लोहखनिजाचे तुकडे घेऊनच परतला. पुढें मार्क्वेटची लोखंडाची खाण-पट्टी म्हणून जी प्रसिद्धीस आली ती हीच. बर्टच्या सोबत्यानें लिहून ठेवलें आहे कीं म्हाताऱ्यास आनंद झाला तो लोखंडापेक्षां आपल्या यंत्राचाच अधिक. आम्हांस मात्र वाटतें कीं या शोधाचें अर्धें श्रेय त्या खोटें बोलणाऱ्या सुईस द्यावें. नुसता सूर्य असता तर टोळी खाणीवरून सरळ रेषेंत निघून गेली असती. नुसती सुई असती तर रानांत भरकटली असती. दोन साक्षींतील विसंगतीनेंच लोखंड उघडें पाडलें.

अर्थात् तो मुलूख ओस नव्हता. ओजिब्वे लोकांकडून अमेरिकन सरकारानें तो १८४२ च्या तहानें घेतला होता. १८४५ मध्यें जॅक्सन कंपनीच्या माणसांना लोखंडाची टेंकडी दाखविली ती मार्जी गीझिक या ओजिब्वे पुरुषानें. त्यास हिश्श्याचें लेखी वचन मिळालें, हिस्सा मिळाला नाहीं. त्याची कन्या शार्लट हिला कोर्टांत झगडावें लागलें, आणि मिशिगनच्या वरिष्ठ न्यायालयानें तिच्या बाजूनें निकाल दिला तो १८८९ मध्यें.

बर्टच्या नशिबींहि वचनेंच आलीं. १८५० मध्यें पेटंटची मुदत सरली. तें पुन्हां घेतल्यास यंत्र महाग होईल, त्याऐवजीं सरकारकडून भरपाई मिळवून देऊं, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें व त्यानें तें मानलें. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत यंत्रास पदक मिळालें. १८५५ च्या सरकारी नियमावलीनें, जेथें सुई एकसारखी राहत नाहीं तेथें बर्टचें यंत्र किंवा तत्तुल्य साधन वापरलेंच पाहिजे, असा हुकूमच सोडला. भरपाईचा पैसा मात्र १८५८ मध्यें बर्ट वारला तोंपर्यंत आला नाहीं.

आतां त्या तरुणांच्या प्रश्नाकडे वळूं. द्रवानें भरलेला साधा होका आपल्या डोंगरांस पुरे. मात्र तो घेतल्यावर एक दिवस घराच्या गच्चीवर काठी उभी करून कात्यायनाचें वर्तुळ काढावें आणि सुई त्याशीं ताडून पाहावी. महाराष्ट्रांत चुंबकाची उत्तर व खरी उत्तर यांत सध्यां एका अंशाचेंहि अंतर नाहीं. तेव्हां फरक याहून ठळक दिसला तर आधीं गच्चीच्या सळया, खिशांतला फोन आणि कमरेच्या पट्टयाचें बक्कल यांची झडती घ्यावी; होका परत करण्याचा विचार त्यानंतर.