भेगाळ खडकांतील भूजलप्रवाह व प्रदूषकवहन

ग्रॅनाइट, बेसाल्ट यांसारख्या कठीण खडकांच्या भेगांमधून पाणी कसे वाहते आणि त्यात विरघळलेली प्रदूषके किती काळात कोठवर पोहोचतात, याचा अंदाज गणिती प्रारूपांच्या साहाय्याने घेतला जातो. पिण्याच्या पाण्याची विहीर शोषखड्ड्यापासून किंवा कचराभूमीपासून किती दूर असावी, हा प्रश्न या अंदाजाशी थेट निगडित आहे.

भेगेची रुंदी

आँरी दार्सी याने १८५६ साली मांडलेला प्रवाहाचा नियम वाळूवरील प्रयोगांतून निघाला. वाळूत पाणी कणांमधील असंख्य पोकळ्यांतून झिरपते. कठीण खडकात मात्र मोजक्याच भेगा बहुतेक पाणी वाहून नेतात. समांतर भिंतींची गुळगुळीत भेग गृहीत धरल्यास तिच्यातील प्रवाह रुंदीच्या घनाशी, तर पाण्याचा वेग रुंदीच्या वर्गाशी समप्रमाणात असतो. म्हणून ०.२ मिलिमीटरची एक भेग ०.१ मिलिमीटरच्या आठ भेगांइतके पाणी देते. विहिरीवरील उपसा चाचणीत या दोहोंतला फरक सहसा कळत नाही. परंतु शंभर मीटरला एक मीटर उतार असल्यास पाणी अरुंद भेगांतून दिवसाला सुमारे ७ मीटर, तर रुंद भेगेतून सुमारे २८ मीटर जाते. पाणी किती मिळेल हे अचूक सांगणारे प्रारूप प्रदूषण केव्हा पोहोचेल याबाबत चारपट चुकू शकते, ते यामुळेच.

खडकात मुरणे

भेगांलगतच्या खडकातही सूक्ष्म छिद्रे असतात. भेगेतील प्रदूषक विसरणाने त्यांत शिरते, त्यामुळे त्याची आगेकूच मंदावते. पुढे प्रदूषणाचा उगम बंद झाला, तरी तेच द्रव्य हळूहळू भेगेत परत येते व पाणी दीर्घकाळ दूषित राहते. ‘दुहेरी सच्छिद्रता’ ही संकल्पना बारेनब्लाट, झेल्टोव्ह व कोचिना यांनी १९६० साली मांडली. भेगांचे जाळे स्वतंत्रपणे रेखाटणारी प्रारूपे त्यानंतरची. फिनलंड व स्वीडन येथे अणुकचरा खोल खडकात पुरण्याच्या योजनांसाठी त्यांचा मोठा वापर झाला आहे. संपूर्ण खडक एकजिनसी मानणारे प्रारूप सोपे असते, पण ते विस्तृत प्रदेशापुरतेच विश्वासार्ह ठरते.

दख्खनचा बेसाल्ट

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्टने व्यापलेला आहे. त्यात मुरूम, सच्छिद्र थर, सांधे असलेला काळा पाषाण आणि दोन लाव्हाप्रवाहांमधील तांबडा गेरूचा थर असे एकावर एक प्रकार आढळतात. पाणी बऱ्याचदा आडव्या भेगांतून एकाच दिशेने लांब जाते. त्यामुळे विहिरीभोवती ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ आखून संरक्षण होईलच असे नाही. कोणती विंधनविहीर कोणाशी जोडलेली आहे, हे एकीत निरुपद्रवी रंग किंवा मीठ सोडून दुसरीत ते केव्हा उतरते, यावरून तपासता येते. ही चाचणी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा घेणे इष्ट असते. पावसाळ्यात पातळी वर चढून पाणी मुरुमात व वरच्या सांध्यांत येते, आणि उन्हाळ्यात कोरड्या असलेल्या वाटा पुन्हा वाहू लागतात.