लोणारचा दगड दोनदा वितळला



लोहार थंड लोखंडाची पट्टी ऐरणीवर ठोकत असतो, तेव्हा दहावीस घाव झाले की ती हाताला चांगली गरम लागते. भाता बंद, कोळसा विझलेला; मग ही ऊब आली कुठून? आली ती घणाच्या घावातून. एवढी खूणगाठ बांधून ठेवा, कारण आज एका फार मोठ्या घावाची हकीकत सांगायची आहे.

आपलं चिचगड विदर्भाच्या पूर्व टोकाला, तर लोणार पश्चिमेकडे, बुलढाणा जिल्ह्यात. तिथे सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा वाटोळा खळगा असून त्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. विष्णूने लवणासुराला मारले ते इथेच, असे पुराणकथा सांगते. दैत्यसूदनाचे मंदिर गावात आजही उभे आहे.

१८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. भोवताली सगळा काळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. तेव्हा हेही ज्वालामुखीचेच काम, असे जाणत्यांना वाटले. अमेरिकेतील नामांकित भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातील अशाच एका खळग्याखाली उल्केचे लोखंड शोधले. ते मिळेना, म्हणून तो खळगा वाफेच्या स्फोटाने झाला असे त्यांनी ठरवले, आणि १८९६ मध्ये लोणारलाही त्याच्या जोडीला बसवले.

चूक कुठे झाली? उल्का जमिनीत शाबूत रुतून बसेल, असे धरले तिथे. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या दगडात त्याच्याच वजनाच्या टीएनटी दारूच्या सुमारे ४५ पट शक्ती असते. तो आपटला की धक्क्याची लाट खडकातून धावते. खडक क्षणभर भयंकर दाबला जातो. दाब सुटला की तो पुन्हा पसरतो खरा, पण दाबण्यात खर्च झालेली सगळी शक्ती परत मिळत नाही. उरलेली उष्णता होऊन खडकातच राहते, अन् खडक वितळतो. उल्काही बहुतेक वितळून वाफ होऊन जाते. म्हणजे इथे आग पाताळातून वर आली नाही. ती घावातच होती.

पण आधीच वितळून थिजलेल्या खडकात हा दुसरा वितळ ओळखायचा कसा? १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी उत्तर दिले. सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडली, तेव्हा खाली मॅस्केलिनाइट सापडले. बेसाल्टमधल्या एका खनिजाची ही काच, तीही न वितळता, नुसत्या धक्क्याने झालेली. त्याला सुमारे तीन लाख वातावरणांएवढा दाब लागतो. ज्वालामुखीच्या अंगी तेवढे बळ नाही. काठावर चर खणले, तर वितळलेल्या खडकाचे गोळे आणि काचेचे बारीक मणी मिळाले. अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेल्या मण्यांशी त्यांचे साम्य निघाले.

ही काच घड्याळही आहे. खडक वितळला की त्यात साठलेला आरगॉन वायू निसटतो आणि मोजणी नव्याने सुरू होते. आधी लोणारचे वय सुमारे ५० हजार वर्षे मानत. २०११ मध्ये आरगॉनच्या मोजणीने ते सुमारे ५ लाख ७० हजार आले.

शिक्षकबंधूंनो, लोणारची सहल न्याल तेव्हा मुलांना एक सांगा: तिथला खडा खिशात घालायचा नाही. ते अभयारण्य आहे. आणि ते काचेचे कण म्हणजे या खटल्यातले साक्षीदार आहेत. एवढे मोठे पंडित चुकले, ते साक्षीदार हाती नव्हते म्हणून. साक्षीदारच घरी नेले, तर पुढच्यांनी कोणाला विचारायचं?