देहदंड की देहान्त प्रायश्चित्त?

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ही कथा आपण शाळेपासून अभिमानाने ऐकतो. मला त्यातला ‘प्रायश्चित्त’ हा शब्द खुपतो. मनुस्मृतीत ब्राह्मणाला देहदंड निषिद्ध आहे. प्रायश्चित्त मात्र मरणापर्यंत जाऊ शकते, पण ते पाप्याने स्वतः घ्यायचे असते. सत्ताधीशाला दोषी म्हणण्याचे बळ शास्त्रींना धर्माने दिले, तशी निसटायची वाटही धर्मानेच मोकळी ठेवली, असे मला वाटते. रघुनाथराव ते प्रायश्चित्त न घेताच १७८३मध्ये कोपरगावी वारले. कटातला महंमद युसूफ गारदी मात्र पकडला गेला आणि मारला गेला. त्याला प्रायश्चित्ताविषयी कुणी विचारले नव्हते. फाशी असावी की नसावी, या वादात मला आधी हा गारदी आठवतो.