इंदापूरची प्रतबंदी आणि काळ्या जमिनीचे मोल

दख्खनच्या पठारावरील काळी, तांबडी, बरड, मुरमाड, चोपण हे जमिनीचे भेद शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. त्यांना आण्यांच्या मोजपट्टीवर बसविण्याचे कार्य एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीने केले. या मोजपट्टीने नेमके काय मोजले, हा प्रश्न महसुलाच्या इतिहासाइतकाच शेतीच्या इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनमध्ये प्रिंगल यांनी केलेली पहिली व्यापक मोजणी निव्वळ उत्पन्नाच्या तत्त्वावर आधारलेली होती. लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावे, असे तिचे सूत्र होते. सूत्र तर्कशुद्ध असले, तरी शेताशेताचा खर्च व उत्पन्न ठरविण्याइतकी विश्वसनीय माहिती उपलब्ध नव्हती. १८३० च्या सुमारास लागू झालेले हे दर रयतेस पेलले नाहीत. इंदापूर तालुक्यात तर पुष्कळ जमीन पडीक पडली.

म्हणूनच १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने कामास आरंभ केला आणि पुढील वर्षी तेथे तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी अमलात आली. या पद्धतीचे नियम गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात ग्रथित झाले. उत्पन्नाचा हिशेब बाजूस ठेवून त्यांनी दृष्टीस दिसणाऱ्या व हाताने मोजता येणाऱ्या गोष्टींचा आधार घेतला. पोत व रंग यांवरून जमिनीचे तीन वर्ग करण्यात आले : बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी जमीन, एकसारख्या पण अधिक भरड पोताची, बहुधा तांबूस जमीन, आणि खडेमिश्रित अथवा भुसभुशीत, फिक्या तपकिरी ते करड्या रंगाची जमीन. प्रत्येक वर्गात मातीची खोली हातांनी मोजून एकूण नऊ प्रती ठरविल्या. पहिल्या वर्गातील पावणेदोन हात खोलीची जमीन सोळा आण्यांची. तितक्याच खोलीची दुसऱ्या वर्गातील जमीन चौदा आण्यांची. पहिल्या वर्गातील अर्धा हात खोलीस सहा आणे, तर तिसऱ्या वर्गातील पाव हात खोलीस अवघे दोन. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, पाणी न मुरणे, उपळाचा अतिरिक्त ओलावा इत्यादी दोषांपैकी प्रत्येक दोषामागे जमीन एका प्रतीने खाली उतरे. हवामान, बाजारपेठेचे सान्निध्य व शेतीची स्थिती यांचा विचार गावांच्या गटांचे कमाल दर ठरविताना स्वतंत्रपणे होई.

खोलीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर इंदापूरच्या पर्जन्यमानात आहे. तेथे पाऊस अल्प आणि अनियमित. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीतील चिकणखनिजे ओलाव्याने फुगतात व पाणी दीर्घकाळ धरून ठेवतात. पावसाळ्यात साठलेल्या या ओलाव्यावरच रब्बीची ज्वारी पोसली जाते. उथळ, मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही. तेथे पावसाळी बाजरीवर समाधान मानावे लागते. तात्पर्य, सोळा आण्यांची प्रत म्हणजे मातीच्या केवळ सुपीकतेचे नव्हे, तर जिराईत शेतीत तिच्या ओल धरण्याच्या सामर्थ्याचे माप होते.

या भेदाचे गांभीर्य १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाल्यानंतर प्रत्ययास आले. बारामती व इंदापूर या भागांत बारमाही पाण्यावर ऊस होऊ लागला. मुरमाचा थर खाली असलेल्या मध्यम खोलीच्या जमिनीतून जास्तीचे पाणी निचरून जाई. परंतु नदीकाठच्या सखल, खोल काळ्या जमिनीत ते तुंबू लागले. भूजलाची पातळी वर आली, बाष्पीभवनाबरोबर क्षार पृष्ठभागी साचले आणि सोडियमच्या प्रभावाने मातीची रचना मोडून काही जमिनी चोपण बनल्या. ज्या गुणामुळे जिराईत शेतीत काळ्या जमिनीस अग्रमान मिळाला, तोच गुण कालव्याखाली तिच्या नाशास कारणीभूत झाला.

याचा दोष केवळ मोजणीदारांच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. पाणी न मुरणे व उपळाचा ओलावा हे त्यांच्या यादीतील दोष पाहता निचऱ्याचे महत्त्व त्यांना अवगत होते, असे म्हणावे लागते. त्यांची प्रतबंदी त्यांच्या काळातील पीकपद्धतीस अनुरूप होती. चूक झाली ती एका प्रयोजनासाठी ठरविलेली प्रत हा मातीचा शाश्वत गुणधर्म आहे, असे गृहीत धरण्यात. व्होल्कर व लेदर यांच्या लेखनातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय मृदांचे गाळाची, काळी, तांबडी व जांभ्याची असे चार मुख्य प्रकार रूढ झाले. पुढे मातीच्या उभ्या छेदावर आधारित अधिक सूक्ष्म वर्गीकरणे आली. तथापि कोणतेही वर्गीकरण वापरताना, ही जमीन कोणत्या पाण्यावर व कोणत्या पिकासाठी उत्तम ठरविली आहे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. इंदापूरच्या सोळा आण्यांच्या जमिनीचा इतिहास हेच सांगतो.