पट इथे, इंजिन तिथे

भाटघरच्या धरणातून कालवा निघत नाही. वेळवंडीचे अडवलेले पाणी नदीतच सोडतात, ते नीरेला मिळते आणि खाली वीरला अडवून कालव्यांत घेतले जाते. १९२८ साली भाटघरचे आताचे, म्हणजे लॉइड, धरण पुरे झाले आणि एकोणिसाव्या शतकातले जुने धरण त्याच्या पाण्यात बुडाले. नीरा डावा कालवा मात्र वीरहूनच निघत राहिला. साठा बदलला, बारामती-इंदापूरकडे जाणाऱ्या पाण्याचे तोंड बदलले नाही. बुद्धिबळाच्या मुक्त सॉफ्टवेअरची बांधणी गेली तीसेक वर्षे अशीच आहे. पट दाखवणारा प्रोग्राम एक, चाल शोधणारे इंजिन दुसरे, आणि दोघांमध्ये साध्या मजकुराचा प्रवाह. या बांधणीने खूप काही दिले, पण एक भांडणही मागे लावले: इंजिन पटाने शोधून काढायचे, की पटासोबतच बांधून द्यायचे? माझे म्हणणे असे, की भांडण मुळातच चुकीच्या जागी आहे. इंजिन वेगळे असणे आणि इंजिन सोबत असणे यांत विरोध नाही, आणि हे या प्रथेच्या उगमातच दिसते.

ही फारकत कोणी आराखडा मांडून केलेली नाही. स्टुअर्ट क्रॅक्राफ्ट यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेला ग्नू चेस हा माणसाशी टंकून बोलणारा प्रोग्राम होता: तुम्ही चाल लिहायची, तो उत्तराची चाल छापणार. पुढे डॅन सीअर्स आणि ख्रिस सीअर्स यांनी त्याला एक्सबोर्ड नावाचा चित्रमय चेहरा दिला. एक्सबोर्डने काय केले, तर माणसाच्या खुर्चीत स्वतः बसून ग्नू चेसला चाली टंकून पाठवायला सुरुवात केली. इंजिनला फरक कळण्याचे कारणच नव्हते. मग रॉबर्ट हायट यांच्या क्राफ्टीसारखी इंजिने त्याच पटावर खेळावीत म्हणून ग्नू चेसची बोली शिकली, आणि एका प्रोग्रामच्या लकबी सगळ्यांचा शिष्टाचार होऊन बसल्या. एक्सबोर्डची धुरा वाहणाऱ्या टिम मान यांनी त्या नंतर लिहून काढल्या. त्यातल्या काही विचित्र वाटतात त्या याच अपघातामुळे. २००० साली रुडॉल्फ हुबर आणि श्टेफान मायर-कालेन यांनी यूसीआय ही आखीव बोली आणली. तिच्यात पट आधी नुसते ‘यूसीआय’ म्हणतो; इंजिन आपले नाव, कर्त्यांची नावे आणि बदलता येण्याजोग्या गोष्टी सांगून ‘यूसीआयओके’ म्हणते. मग पट सांगतो ‘पोझिशन स्टार्टपॉस मूव्ह्ज ई२ई४’, पुढच्या ओळीत ‘गो मूव्हटाइम १०००’, म्हणजे विचाराला एक सेकंद. उत्तर येते ‘बेस्टमूव्ह ई७ई५’. एवढेच. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या पटाचे, ग्नोम चेसचे, मेनू मराठीत करता येतात. इंजिनला भाषांतर लागतच नाही, कारण त्याला माणसाशी बोलायचेच नसते.

अपघाताने आलेल्या या सोयीची फळे फार रसाळ निघाली. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या मुक्त इंजिनावरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये स्टॉकफिश काढले. पट, घड्याळ, माउस यांतले काहीही त्यांना लिहावे लागले नाही. सगळे श्रम चालीच्या शोधावर पडले आणि जगातले सर्वांत बलवान इंजिन कोणालाही फुकट मिळाले. नियम बदलायचे असतील तरी हीच सोय कामी येते. आपल्याकडच्या देशी डावात प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चालायचे. नेहमीच्या इंजिनला हे पटणार नाही. फेअरी-स्टॉकफिशला मात्र नियम मजकुराच्या फाइलमधून शिकवता येतात. जुन्या खेळाच्या अभ्यासकांनी या वाटेला जाऊन पाहावे.

आता दुसरी बाजू. वेगळे ठेवलेले इंजिन सापडावे लागते. ग्नोम चेसने यासाठी एक यादी बाळगली: ओळखीच्या इंजिनांची नावे, प्रत्येकाची बोली कोणती आणि सोपे-अवघड खेळायला काय सांगायचे. प्रोग्राम सुरू होताना आज्ञा शोधण्याच्या नेहमीच्या मार्गावर त्या नावांचा धांडोळा घेतो. डेबियन या लिनक्स-वितरणात इंजिने खेळांच्या वेगळ्या फोल्डरात बसतात. तो फोल्डर मार्गात नसला, तर इंजिन असूनही नसल्यासारखे. एक्सबोर्डने पुढे वेगळी तोड काढली. इंजिनाने ठरलेल्या जागी आपली ओळखपत्राची छोटी फाइल ठेवायची, म्हणजे सुरू होताना पट ती जागा चाळून नवे इंजिन आपोआप नोंदवू शकतो. पटाने नावे पाठ करण्यापेक्षा इंजिनाने स्वतः वर्दी देणे हे मला केव्हाही अधिक शहाणपणाचे वाटते, कारण यादी लिहिणाऱ्याला उद्या जन्मणाऱ्या इंजिनाचे नाव कसे ठाऊक असणार?

यावर लिनक्सच्या जाणकारांचे म्हणणे असे, की सोबत इंजिन देण्याची गरजच नाही. पट बसवला की पॅकेज-व्यवस्था इंजिनही ओढून आणते. लिनक्सपुरते हे खरे आहे. पण विंडोजवर तशी सर्वमान्य व्यवस्था नव्हती, म्हणून स्किड व्हर्सेस पीसीसारख्या प्रोग्रामने इंजिने पोटातच ठेवली. आणि फोनवर तर दारच बंद झाले. अँड्रॉइड १० पासून ॲपला स्वतःच्या लिहिण्याच्या जागेत उतरवलेली फाइल प्रोग्राम म्हणून चालवता येत नाही. सुरक्षेसाठी हे रास्तच. पण इंजिन नंतर उतरवून घेण्याची वाट त्याने अडली. मग इंजिनाला ग्रंथालय-फाइलचे (लायब्ररीचे) नाव देऊन ॲपच्या गाठोड्यातच घालण्याची युक्ती रूढ झाली. नाव ग्रंथालयाचे, काम इंजिनाचे. सोंगच ते, पण चालते. तरीही त्याच फोनवर दुसऱ्या ॲपमधले इंजिन ओळखून वापरण्याची ओपन एक्स्चेंज नावाची पद्धत आहेच. म्हणजे गाठोडे बांधले म्हणून शोध संपला असे होत नाही.

गाठोड्याविरुद्धचे आक्षेपही हलके नाहीत. सोबत दिलेले इंजिन जुने होते, आणि एकच फाइल सगळ्या प्रोसेसरना मानवत नाही: नव्या चिपसाठी बांधलेली जुन्या संगणकावर सुरूच होत नाही, जुन्यासाठी बांधलेली नव्यावर रेंगाळते. याला उत्तर इतकेच, की सोबतचे इंजिन सर्वांत जोरदार असण्याची गरज नाही. कुठेही चालणारे असावे आणि बदलता यावे. सामान्य खेळाडूला ते रेंगाळणारे इंजिनही सहज हरवते. परवान्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्टॉकफिश जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. स्वतंत्र प्रोग्राम म्हणून ते पटाशेजारी ठेवले, तरी ते कोणाचे आहे हे सांगणे आणि त्याचा मूळ कोड उपलब्ध करणे चुकत नाही. फॅट फ्रिट्झ २ आणि हुडिनी ६ या विक्रीच्या इंजिनांवरून स्टॉकफिशच्या कर्त्यांनी २०२१ मध्ये चेसबेस कंपनीविरुद्ध जर्मनीत दावा लावला; २०२२ च्या नोव्हेंबरात तडजोड झाली. तो वाद गाठोड्याचा नव्हता, गाठोड्यात काय आहे हे नीट न सांगण्याचा होता.

गंमत म्हणजे हा पेच शेवटी इंजिनाच्या आतही शिरला. २०२० साली स्टॉकफिश १२ मध्ये डावाची पारख करणारे न्यूरल नेटवर्क आले. त्याची फाइल वेगळी, त्यामुळे आता इंजिनलाच विचारावे लागले, ‘माझे नेटवर्क कुठे आहे?’ कर्त्यांनी नेटवर्क इंजिनाच्या फाइलीतच शिवून टाकले आणि बाहेरचे लावण्याची वाटही उघडी ठेवली. शोधाचा क्रम असा: आधी पोटातले, मग चालू फोल्डर, मग इंजिन जिथे ठेवले आहे तो फोल्डर. पट लिहिणाऱ्यांनीही असाच ठरलेला क्रम ठेवावा असे मला वाटते, फक्त उलट्या बाजूने: खेळणाऱ्याने स्वतः निवडलेले इंजिन सर्वांत आधी, मग यंत्रावर सापडलेले, आणि काहीच नसेल तर सोबतचे. रिकाम्या पटासमोर कोणाला बसवू नये. बुद्धिबळाचे ॲप घेणाऱ्यांनीही एवढे पाहून घ्यावे, की आतल्या इंजिनाचे नाव आणि आवृत्ती कुठे लिहिली आहे, मूळ कोडचा पत्ता दिला आहे का, आणि दुसरे इंजिन जोडता येते का. यातले काही सापडले नाही, तर करणाऱ्याला विचारावे.